थैलीतली दोन वजनं

ताई,

मी सत्तावीस वर्षांची. एका कंपनीत मजकूर लिहायचं काम करते. जन्मापासून ख्रिस्ती मंडळीत वाढले, रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते. गेले तीन महिने साहेब मला ग्राहकांच्या नावाने अभिप्राय लिहायला सांगतात. वस्तू वाईट नाही, पण ते अभिप्राय कुणी दिलेलेच नसतात. आतापर्यंत अकरा लिहिले. घर माझ्या पगारावर चालतं, वडिलांचं औषधपाणी आहे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांशी बोलले तर ते म्हणाले, जगात मिसळलं की असंच होणार, आधी त्या मालिका, ती गाणी, तो मोबाईल बंद कर. (रात्री मोबाईल हातातून सुटत नाही, हे खरं आहे.) ऑफिसातली मैत्रीण म्हणते, धर्म घरी ठेवून यायचा. आणखी एक गोष्ट सांगते, लाज वाटते तरी. पूर्वी जेवणाआधी मी डोकं झुकवून प्रार्थना करायचे. आता कँटीनमध्ये सगळ्यांसमोर करत नाही. मी रविवारी एक आणि सोमवारी दुसरी झालेय का?

– दोन्हीकडची

प्रिय दोन्हीकडची,

तुझ्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती 'अकरा' या शब्दापाशी. 'काही लिहिले', 'थोडेफार लिहिले' असं म्हणून तुला निभावता आलं असतं. पण तू मोजलेस. ज्याचं मन निबर झालंय तो मोजत बसत नाही. तेव्हा तू हरवली आहेस असं मला वाटत नाही. तू अवघडलेली आहेस, आणि ते चांगलं लक्षण आहे.

मी तुझ्याएवढी असताना एका कचेरीत होते. एक दिवस वरिष्ठांनी नोंदवही पुढे सरकवली आणि सांगितलं, सोळा तारीख आहे पण बारा टाक, बाकी सगळं बरोबर आहे. खरंच बाकी सगळं बरोबर होतं. मी बारा लिहून सही केली. वरच्या सगळ्या नोंदी काळ्या शाईत होत्या आणि माझं पेन निळं होतं, एवढं अजून आठवतं. कुणी पकडलं नाही, कुणाचं नुकसान झालं असंही दिसलं नाही. पण पुढच्या महिन्यात कुणी मला विचारलंच नाही. वही थेट माझ्या टेबलावर आली, योग्य त्या पानावर उघडून. पहिल्या होकाराची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. पहिल्या वेळी निदान प्रश्न तरी विचारला जातो. एकदा हो म्हटलं की तो प्रश्नच निघून जातो. तुझ्या पहिल्या अभिप्रायाच्या वेळी साहेब जरा चाचरले असतील. अकराव्या वेळी चाचरले का?

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत.

बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात एक छोटीशी आज्ञा आहे. ती मोठ्या आज्ञांच्या गर्दीत मागे राहते आणि तिच्यावर प्रवचनं फारशी ऐकू येत नाहीत. थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान. त्या काळी वजनं दगडाची असत. मूळ हिब्रूत तिथे शब्दच 'दगड' असा आहे: थैलीत दगड आणि दगड ठेवू नका. व्यापारी तराजू आणि दगडांची थैली बरोबर घेऊन फिरायचा. लबाड असेल तर धान्य विकत घेताना जड दगड काढायचा आणि विकताना हलका. यातली गोम अशी की एकेक दगड हातात घेऊन पाहिला तर त्यात काहीच खोट दिसत नाही. दगड तो दगड. लबाडी असते ती एकाच थैलीत दोन असण्यात, आणि समोर कोण आहे हे बघून त्यातला एक निवडण्यात.

रविवारी मुलांना खरेपणा शिकवणारी तू खरीच आहेस. सोमवारी घरच्यांसाठी राबणारी तूही खरीच आहेस. म्हणून तुला कुठे चुकतंय ते नेमकं सापडत नाही. दोघींना वेगवेगळं तपासलं तर दोघी चांगल्या निघतात.

'वस्तू वाईट नाही' असं तू लिहिलंस. मी ते मानते. पण अभिप्राय म्हणजे वस्तू नाही, अभिप्राय म्हणजे तराजू. रात्री उशिरा कुणीतरी बाई दोन वस्तू शेजारी शेजारी उघडून बसली आहे. पैसे मोजके आहेत, वस्तू हातात घेऊन बघता येत नाही. तिला आधार एवढाच की आपल्यासारख्याच कुणीतरी ही वापरून पाहिली आणि चांगली निघाली. ते 'आपल्यासारखं कुणीतरी' तू आहेस, आणि तू ती वस्तू वापरलेली नाहीस. तुझ्या दोन ओळींनी तिचं पारडं झुकतं. शेजाऱ्यावर प्रीती करा हे वचन आपण इतक्या वेळा म्हटलंय की शेजारी म्हटलं की भिंतीपलीकडचं माणूसच डोळ्यांपुढे येतं. ही बाईही तुझी शेजारीण आहे. अनेक देशांत असे अभिप्राय लिहिणं आता कायद्यानेही मना आहे. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

म्हणजे तू उद्या राजीनामा द्यावास का? थांब. तू मुलांना बायबलातल्या दानीएलाची गोष्ट सांगत असशील. बहुतेक सिंहांच्या गुहेतली. आज पहिला अध्याय घेऊ.

इसवी सनपूर्व ६०५ च्या सुमाराला नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमाला वेढा घातला आणि काही तरुणांना बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये नेलं. त्यांतला हा एक. त्याला खास्दी, म्हणजे तिथल्या लोकांची भाषा आणि विद्या शिकायला लावली, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. तो शिकला. राजदरबारात नोकरीसाठी तयार केलं. तयार झाला. त्याचं नाव बदललं. 'देव माझा न्यायाधीश' असा अर्थ असलेलं नाव काढून बेल्टशस्सर ठेवलं, ज्यात परक्या दैवताची आठवण होती. त्याने तेही सोसलं. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला धक्काच बसला होता. नावावर माणूस भांडेल असं वाटतं. तो भांडला नाही. राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस घेऊन आपण विटाळणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्याने मनात रेघ ओढली. नेमकी तिथेच का, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की त्याने सगळ्या बाबेलाला नकार दिला नाही आणि सगळ्या बाबेलाला होकारही दिला नाही. मान कुठे तुकवायची नाही हे त्याने ताट समोर यायच्या आधीच ठरवलं होतं.

आणि मग त्याने काय केलं बघ. तो ताट भिरकावून उठला नाही. वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊन विनंती केली. अधिकारी घाबरला. तुम्ही इतरांपेक्षा वाळलेले दिसलात तर राजा माझं डोकं उडवील, असं त्याने उघड सांगितलं. दानीएलाने त्या भीतीची टिंगल केली नाही, 'तुझा देवावर विश्वास नाही' असंही सुनावलं नाही. तो खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस बघ. आम्हांला शाकान्न आणि पाणी दे. दहा दिवसांनी इतरांचे चेहरे आणि आमचे चेहरे ताडून पाहा, आणि मग काय करायचं ते कर. वरच्या माणसाची अडचण ओळखून, त्याला पेलेल एवढा छोटा आणि मुदतीचा मार्ग त्याने पुढे ठेवला.

तुझ्या साहेबांनाही वर कुणीतरी आहे. त्यांच्याही डोक्यावर आकडा आहे. म्हणून बोलायला जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आधी एक यादी कर, ज्यांनी ही वस्तू खरंच घेतली त्या ग्राहकांची. तीन साधे प्रश्न लिहून काढ: कशासाठी घेतलीत, काय आवडलं, काय खटकलं. मग सकाळच्या वेळी, दार लोटून, शांतपणे सांग:

'सर, हे अभिप्राय मला यापुढे लिहिता येणार नाहीत, कारण ते कुणी दिलेलेच नाहीत. पण आपल्याला अभिप्राय हवेत हे मला कळतं. मला दहा दिवस द्या. मी खऱ्या ग्राहकांशी बोलून त्यांच्याच शब्दांत आणते, त्यांच्या परवानगीने. नंतर आपण पुन्हा बसू.'

एवढंच. 'मी ख्रिस्ती आहे म्हणून' अशी सुरुवात करू नकोस. त्यांनी कारण विचारलं तर जरूर सांग, न लाजता, एका वाक्यात. पण न विचारता सांगितलंस तर साहेबांना त्यात 'म्हणजे मी पापी' एवढंच ऐकू येईल, आणि बोलणं अभिप्रायांवरून तुझ्या धर्मावर घसरेल. आणि ते दहा दिवस जीव तोडून काम कर. सहाव्या अध्यायात दानीएलाचे विरोधक त्याच्या कामात खोट शोधतात आणि त्यांना एकही सापडत नाही. उशिरा येणाऱ्या, काम अर्धवट टाकणाऱ्या माणसाने विवेकाचं कारण पुढे केलं तर ती सबब वाटते. तुझ्या कामाकडे बोट दाखवता येत नसेल तर तुझ्या नकाराला वजन येईल.

खऱ्या अभिप्रायांत तक्रारीही येतील. त्या झाकू नकोस. 'चांगली आहे, पण झाकण घट्ट बसत नाही' असं कुणी म्हटलं तर तेही तसंच ने. मी स्वतः खरेदी करताना असल्या वाक्यावरच विश्वास ठेवते.

ते नाहीच म्हणाले तर? ही शक्यता मी गोड करून सांगणार नाही. दानीएलाचे तीन मित्र भट्टीसमोर उभे राहून म्हणाले होते की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि तसं झालं नाही तरी आम्ही राजाच्या मूर्तीपुढे नमणार नाही. ते 'झालं नाही तरी' मला फार जवळचं आहे. खरेपणाने वागलं की बढती मिळते असं वचन मला शास्त्रात कुठे सापडलेलं नाही. तेव्हा दुसरं काम मागून बघ. मात्र हे काम शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीकडे सरकवून मोकळी होऊ नकोस, ते तुझ्याच हाताने झाल्यासारखं आहे. गुपचूप दुसरी नोकरी शोधायला लाग. घरी बसून महिन्याचा हिशेब मांड, औषधांचा खर्च वेगळा लिही, पगार थांबला तर किती महिने निघतील ते बघ. भीती मनात असते तेव्हा तिला तळ नसतो. कागदावर उतरली की निदान आकडा कळतो.

आणि मंडळीला सांग. इथे मला जरा मोठ्याने बोलायचं आहे, तुझ्याशी नाही, आपल्या सगळ्यांशी. आपण व्यासपीठावरून तरुणांना सांगतो, खरेपणाने वागा, किंमत मोजा. मग कुणीतरी खरंच किंमत मोजतं आणि त्याचा पगार बंद होतो, तेव्हा त्याच्या घरात पुढच्या महिन्याचं सामान भरलंय का हे किती जण बघतात? एकमेकांची ओझी वाहा असं प्रेषित पौलाने गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिलं, ते फक्त अंत्यविधीला खांदा देण्यापुरतं नव्हतं. तुझे वडीलधारे तुला मालिका बंद करायला सांगतात, तर तुझ्या वडिलांच्या औषधांबद्दलही त्यांनी विचारायला हवं. नाही विचारलं तर तूच सांग. हे भीक मागणं नव्हे.

राहिले ते अकरा. जकातदार जक्कयाच्या घरी येशू उतरायला गेला तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. चूक जिथे झाली तिथेच ती निस्तरायला तो निघाला. ते अकरा अभिप्राय काढून टाकता येतील का हे साहेबांना विचार, त्याच बैठकीत नव्हे तर खरे अभिप्राय हातात आल्यावर: 'आता खरे आलेत, जुने काढूया.' तुझ्या हातात नसेल तर नसेल, पण विचारल्याशिवाय सोडू नकोस. आणि प्रार्थनेत 'माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर' असं ढोबळ म्हणण्यापेक्षा ते अकरा, अकरा म्हणूनच देवापुढे ठेव. क्षमाही तशीच नेमकी मिळते, हा माझा अनुभव आहे.

आता तुझ्या वडीलधाऱ्यांविषयी. त्यांचा कळवळा खरा असेल, पण त्यांनी तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, विषय बदलला. खोटा अभिप्राय हा ऑफिसातला प्रश्न होता, त्यांनी तो तुझ्या मोबाईलवर नेला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले आणि 'आम्ही काय करावं' असं विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना वाळवंटात राहायला बोलावलं नाही. जकातदाराला म्हणाला, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नको. शिपायांना म्हणाला, कुणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. स्वतः रानात राहणारा माणूस, पण त्यांना मात्र त्यांच्याच नाक्यावर आणि चौकीवर परत पाठवतो. तुझ्या मैत्रिणीचं 'धर्म घरी ठेव' हेही इथे टिकत नाही, कारण योहानाने त्यांना धर्म सांगितला तो नेमका कामाच्या जागेवरचाच.

इसवी सन १९७ च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुल्य या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना लिहिलं की आम्ही काही हिंदुस्थानातल्या अरण्यवासी साधूंसारखे जगण्यातून उठून गेलेले नाही. तुमच्याच बाजारात, तुमच्याच स्नानगृहांत, दुकानांत, जहाजांवर आम्ही तुमच्याबरोबर असतो. (आपल्या मुलुखातल्या साधूंची गोष्ट तिकडे पोचली होती, हे वाचून मला गंमत वाटली.) याच माणसाने रोमन खेळांविरुद्ध कडक लिहिलं, कारण त्याच्या मते ते मूर्तिपूजेशी जोडलेले होते, आणि तिथे माणसाचं मरण बघायला लोक जमत. त्याची सगळी कडक मतं मला पटत नाहीत, पण बाजारात जा आणि रक्ताच्या खेळाला जाऊ नका, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून येऊ शकतात हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मालिका आणि गाण्यांबद्दल माझ्याकडे यादी नाही. करिंथच्या मंडळीने पौलाला मूर्तींना दाखवलेल्या मांसाबद्दल विचारलं होतं, आणि त्याने एकाच पत्रात तीन जागी तीन उत्तरं दिली. बाजारात विकायला असेल तर चौकशी न करता घ्या. कुणाच्या घरी वाढलं तर खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. आणि देवळातल्या पंगतीला बसू नका. मांस तेच, पण कुठे, कुणाबरोबर आणि कशात सामील होऊन, यावर उत्तर बदललं. तू बघतेस त्या मालिकेला हाच प्रश्न लाव. कुणाच्या अपमानावर मी हसायला शिकतेय का? बघून उठल्यावर घरच्यांशी माझा आवाज कसा असतो? एखादी मालिका यात टिकेल, एखादी नाही. ठरवणं तुझं.

मोबाईलचं मात्र तूच कबूल केलंयस, तेव्हा त्यावर साधं बोलते. रात्री तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि गजराचं वेगळं घड्याळ घे. इथे निश्चयापेक्षा भिंत जास्त उपयोगाची आहे.

शेवटी कँटीन. डोकं न झुकवणं हे तुला सगळ्यात लाजिरवाणं वाटलं, म्हणून तू ते शेवटी लिहिलंस. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला नाकारलं ते न्यायाधीशापुढे नव्हे. अंगणात, विस्तवाजवळ हात शेकताना, एका दासीने सहज विचारलं म्हणून. आपण बहुतेक जण तिथेच घसरतो, कुणी काही करणार नसतं अशा जागी. योहानाच्या शुभवर्तमानात त्या रात्रीच्या विस्तवासाठी 'कोळशाचा विस्तव' असा एक ग्रीक शब्द आहे. नव्या करारात तो शब्द आणखी एकदाच येतो. पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर शिष्यांसाठी न्याहारी करून थांबला आहे, तिथे. तसाच विस्तव. पेत्राला तो वास आल्याबरोबर काय आठवलं असेल! येशू त्याला त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलत नाही. आधी खाऊ घालतो, आणि मग तीनदा एकच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का?

तेव्हा उद्या कँटीनमध्ये शौर्य दाखवायला म्हणून डोकं झुकवू नकोस. लोकांनी बघावं म्हणून केलेल्या प्रार्थनेबद्दल येशू काय म्हणाला ते तुला ठाऊक आहे. पूर्वी करायचीस तेवढीच कर, तेवढाच वेळ, डोळे मिटून दोन श्वास. प्रार्थना करताना दानीएलाची खिडकी उघडी होती तीसुद्धा प्रार्थनेला मनाई करणारा हुकूम निघाला म्हणून मुद्दाम उघडलेली नव्हती, आधीपासून तो तसंच करत आला होता. शेजारच्या मुलीने विचारलंच तर सांग, जेवणाबद्दल देवाचे आभार मानते. ती बहुतेक 'अच्छा' म्हणून पुढे जेवायला लागेल.

साहेबांशी बोललीस की मला लिही, उत्तर काहीही आलं तरी. आणि येत्या रविवारी वर्गात दानीएल घेणार असलीस तर सिंहांपर्यंत पोचायची घाई करू नकोस. त्या घाबरलेल्या अधिकाऱ्याला आणि दहा दिवस थांबायला तयार झालेल्या कारभाऱ्याला मुलांना नीट भेटू दे.

तुझी,
ताई